नडगीवरचे डाग

ज्या गुरुवारी मोरूचं पोट कापायचं ठरलं होतं, त्या गुरुवारी सकाळी मनुबाई जांभळी नाक्याच्या बाजारात आपल्या जागेवर बसून बोंबील विकत होती. गिऱ्हाइकं नेहमीसारखी घासाघीस करत होती आणि ती नेहमीसारखी त्यांना फटकारत होती. पण फटकारता फटकारता तिला मधूनच हसू फुटत होतं. शेजारच्या रंगूबाईला राहवेना.

"मनू, आज तुज्या मोरूचा आपरेशन ना गो? आनि तू इथं?"

"नाय करत आता," मनुबाई म्हणाली. "डाक्टरनीच नको केला."

"म्हंजे? आतडी सडली बोलत होते ना?"

"आतड्याला कायच नाय झाला. वेगलाच हाय ते." आणि पुढचं सांगायला तिनं तोंड उघडलं, तर तिच्या डोळ्यांना धार लागली. हात मासळीचे, त्यामुळे डोळे पुसता येईनात. रंगूबाईनंच आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बाई, पाच मिंटांनी ये. आता ती रडतेय."

मोरू हा मनुबाईचा धाकटा. चेंदणी कोळीवाड्यात कबड्डीला पोरं कमी नव्हती, पण चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्याला जागच्या जागी बसवावं ते मोरूनंच. वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो लागला होता, तोही या पकडीच्या जोरावर. कारखान्याचा स्वतःचा संघ होता आणि यंदा संघ पुढे गेला तर तुला कायम करू, असा साहेबांनी शब्द दिलेला. बाप गोमाजी अजून होडी घेऊन खाडीत जाई, पण कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागल्यापासून जाळ्यात मासळीपेक्षा गाळच जास्त येई. मनुबाई धक्क्यावरून माल आणून विकायची, त्यावर घर चालायचं. थोरली जया लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती. तीही तिथल्या बाजारात मासळी घेऊन बसायची.

अठ्ठ्याऐंशी सालचा दसरा होता. दसऱ्याच्या आगेमागे मोरूचा घसा धरला, अंग तापलं. गरम पाण्याच्या गुळण्या करून ते गेलं आणि सगळे विसरूनही गेले. मग एका संध्याकाळी सराव चालू असताना मोरू मैदानात मध्येच पोट धरून खाली बसला. पोरांना वाटलं, लाथ बसली. त्याला घरी आणलं तर उलटी. पोटात कळ यायची ती अशी, की हा सहा फुटी पोरगा गुडघे छातीशी घेऊन गोधडीत मुटकुळं करून पडायचा. गल्लीतल्या डॉक्टरनं जुलाबाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी उतार पडला नाही, आणि चार-दोन दिवसांत शौचाला रक्त पडायला लागलं. मोरूनं ते आईला सांगितलं नाही. तिनं सकाळी मोरीत त्याची चड्डी धुताना पाहिलं.

नौपाड्यात डॉक्टर बेहेऱ्यांचं नर्सिंग होम होतं. बेहेरे सर्जन. पन्नाशीचा, उंच, बोलायला तुटक माणूस; पण हाताला यश आहे असं सगळं ठाणं म्हणायचं. त्यांनी मोरूला ठेवून घेतलं. आधी अपेंडिक्स वाटलं, पण दुखण्याची जागा जुळेना. मग सलाईन, छातीचा फोटो, रक्त, शौच, आणि शेवटी ते पांढरं औषध पाजून आतड्याचे फोटो. ते फोटो उजेडासमोर धरून बेहेऱ्यांनी गोमाजी आणि मनुबाईला जवळ बोलावलं.

"हे लहान आतडं. इथपर्यंत ठीक आहे. हा शेवटचा भाग बघा, सुजलाय, आतून खडबडीत झालाय. टीबी दिसत नाही. मला हा आतड्याचा दाह वाटतोय. क्रोन्स म्हणतात."

"गोल्यांनी जाईल ना?" मनुबाईनं विचारलं.

"हा आजार जात नाही, बाई. दबतो, पुन्हा वर येतो. औषधं कायमची. आणि आता रक्त जातंय, कळ थांबत नाही, त्यामुळे एवढा तुकडा मी काढून टाकीन. काही महिने पोटावर एक पिशवी राहील."

"कसली पिशवी?"

बेहेऱ्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "शौचाची."

मोरू पलंगावरून ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "आणि खेळ?"

"खेळाचं आता मनातून काढा."

गोमाजी बाहेर जाऊन जिन्यात बसला. त्याच्या थोरल्या भावाचं, सीतारामचं, पोट असंच उघडलं होतं, आणि तो टेबलावरून परत आलाच नव्हता. ते पंधरा वर्षांपूर्वीचं. पण गोमाजीच्या लेखी पोटाचं ऑपरेशन म्हणजे सीतारामच.

सलाईनवर आतड्याला विसावा मिळाला तशी कळ थोडी उतरली. रक्ताच्या बाटल्यांची सोय व्हायची होती, म्हणून गुरुवार ठरला. तोवर घरी न्या, पेज आणि सरबत एवढंच द्या, आणि दुखणं वाढलं तर तडक आणा, असं सांगून बेहेऱ्यांनी मोरूला सोडलं.

घरी आल्यावर मोरूचे गुडघे दुखायला लागले. घोटेही सुजले. गुडघे तर त्याचे कायमच दुखत. कबड्डी खेळणाऱ्याचे गुडघे दुखले नाहीत तरच नवल. मनुबाई तेल कोमट करून चोळायला बसली. लुंगी वर सरकवली आणि तिचा हात थांबला. दोन्ही नडग्यांवर, घोट्यापासून वर, लालभडक ठिपके. काही मसुराएवढे, काही त्याहून मोठे, एकमेकांत मिसळून जांभळे झालेले. बोट फिरवलं तर उंचवटा लागत होता.

"हे कवा आयले?"

"मच्छर चावले असतील," मोरू म्हणाला. खाडीकाठी मच्छरांना तोटा नव्हता. पण मच्छर चावलेलं मनुबाईनं जन्मभर पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

तिच्या डोक्यात वेगळंच आलं. कोळीवाड्याच्या टोकाला पूर्वी एक म्हातारा राहायचा, अंगावर चट्टे उठलेला. त्याच्या घरच्यांना लोकांनी पाणी भरू दिलं नव्हतं. तिच्याकडची मासळी कोण घेईल? पोराला कारखान्यात कोण उभं करील? आणि त्याहून जवळची भीती अशी, की बेहेऱ्यांनी हे पाहिलं तर अंगाला रोग असलेल्या माणसाला ते टेबलावर घेतील का? ऑपरेशनची भीती होतीच. पण ऑपरेशन झालं नाही तर पोरगा जगणार कसा, याची आणखी मोठी होती.

"कोनाला दाखवू नको," ती म्हणाली.

"मी कशाला दाखवतोय?" मोरू म्हणाला. त्याचंही वेगळं गणित होतं. आतड्याचं एक झालं, आता त्यात कातडीचं कशाला? त्यानं लुंगी खाली केली आणि त्या दिवसापासून उकाड्यातही पँट घालून बसायला लागला. गोमाजीलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी जया आली. भाऊ सुकलेला पाहून तिनं आधी आईला धारेवर धरलं, मग बापाला.

"पोट फाडायचा ठरला, पिशवी लावायची ठरली, आनि तुमी दुसऱ्या कोनाला इचारला पन नाय?"

"बेहेरे मोठा डाक्टर हाय," गोमाजी पुटपुटला.

"असंल. माजा गिऱ्हाईक पन मोठाच हाय."

जयाचं गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवलीचे डॉक्टर श्रीपाद टिपणीस. जातीनं कायस्थ, त्यामुळे मासळीचे दर्दी. दर बुधवारी आणि रविवारी दवाखान्यात जाण्याआधी स्वतः पिशवी घेऊन बाजारात यायचे आणि जयाकडून रावस नाहीतर पापलेट पारखून न्यायचे. फिजिशियन होते, कापाकापी करत नसत. जयाच्या सासूची धाप त्यांनीच आटोक्यात आणली होती. त्या सकाळीच जयानं त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि उद्या घेऊन ये, सगळे फोटो आण, असं ते म्हणाले होते.

मोरूला वाटेत कुठेही उतरावं लागेल, म्हणून गोमाजीचा चुलतभाऊ दामाजी आपला बर्फाचा टेम्पो घेऊन आला. पुढे दामाजीशेजारी मोरू आणि जया, मागे रिकाम्या पेट्यांच्या मध्ये पोतं टाकून मनुबाई आणि गोमाजी. कळवा, मुंब्रा करत टेम्पो निघाला. शीळफाट्याला मोरूला उतरावं लागलंच. दामाजीनं टेम्पो आडोशाला असा उभा केला, की रस्त्यावरच्या कुणाला काही दिसू नये, आणि स्वतः उगाचच चाकाला लाथा मारत हवा तपासत राहिला. मोरू परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मनुबाईनं मागून विचारलं, "रगत?" त्यानं मानेनंच हो म्हटलं.

टिपणिसांचा दवाखाना पूर्वेला, स्टेशनपासून थोडा आत होता. मासळीच्या टेम्पोतून आलेली ही मंडळी आत शिरताच बाकावरच्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला. टिपणीस आतून म्हणाले, "कोण, जया का? ये, ये. वासावरूनच ओळखलं." ते गोल चेहऱ्याचे, टक्कल पडलेले, खुर्चीत मागे रेलून बसणारे गृहस्थ होते. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती.

त्यांनी फोटो पाहिले, बेहेऱ्यांचे कागद वाचले. मग मोरूला विचारायला लागले ते अगदी लांबून. वजन कधीपासून उतरलं? या आजारातच. त्याआधी कधी महिनोन्महिने पोट बिघडलं होतं का? कधीच नाही. तोंड येतं? नाही. बसायच्या जागी गळू, नासूर? नाही. दसऱ्याआधी काय करत होतास?

"कबड्डी खेळत होतो," मोरू म्हणाला. "ऐंशी किलोचा माणूस उचलून टाकलेला."

"हं." टिपणिसांनी चष्मा काढला. "हे आतड्याचं दुखणं बहुधा असं एका संध्याकाळी दार वाजवून येत नाही, बाबा. ते महिनोन्महिने घरात वावरत असतं. बरं, पोटाच्या आधी काही झालं होतं? ताप, सर्दी?"

"घसा धरलेला."

"आणि सांधे?"

मोरूआधी जयाच बोलली, "गुडघे दुखतात बोलला ना रे कालच?"

"ते खेळानं, डाक्टर," मनुबाई घाईनं म्हणाली. "गुडग्याचा काय नाय. पोटाचा बोला."

"पोटाचंच बोलतोय. पँट जरा वर कर बघू."

मोरूनं आईकडे पाहिलं. "पायाला काय नाय झाला," ती म्हणाली, आणि आपला आवाज चिरकला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

टिपणीस तिच्याकडे वळले. "आई," ते शांतपणे म्हणाले, "त्याच्या पायावर काहीतरी आहे आणि ते तुम्ही मला दाखवत नाही आहात. असू दे. मी रागावणार नाही. पण मला बघू दे."

मोरूनंच खाली वाकून पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. गोमाजीनं ते पहिल्यांदाच पाहिलं आणि तो "आई एकवीरे" म्हणून भिंतीला टेकला. जया आईकडे बघत राहिली.

मनुबाई पाहत होती ती फक्त डॉक्टरांचा चेहरा. तो पडेल, ते मागे सरकतील, हात धुवायला उठतील असं तिला वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. टिपणीस पुढे झुकले, डागांवरून उघड्या बोटांनी हात फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही कळा आली की जणू हरवलेली वस्तू सापडली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुसून त्यांनी तो एका डागावर दाबून धरला आणि काचेतून पाहिलं.

"लाली जात नाही," ते म्हणाले. "हे पुरळ नाही, मच्छर नाही, आणि आई, तुम्हाला ज्याची भीती वाटत होती तेही नाही. हे कुणाला लागत नाही. हे रक्त आहे, कातडीखाली झिरपलेलं. बसतोस त्या भागावरही आहेत का रे?"

"हायत," मोरू लाजून म्हणाला.

"कधी आले?"

"बेहेरे डॉक्टरांकडून घरी आल्यावर."

"म्हणजे त्यांनी हे पाहिलेलंच नाही." टिपणीस खुर्चीत मागे रेलले. "आता ऐका. याचं आतडं रोगट आहे असं मला वाटत नाही. रोग आहे तो बारीक रक्तवाहिन्यांना. त्या सुजल्यात आणि त्यांच्या भिंतीतून रक्त पाझरतंय. जिथे जिथे अशा वाहिन्या आहेत तिथे तिथे पाझरतंय. नडगीवर पाझरलं की डाग दिसतात. गुडघ्यात सूज येते. आतड्याच्या भिंतीत पाझरलं की भिंत सुजते, कळ येते, शौचाला रक्त पडतं. आणि फोटोत दिसतं ते असं, की कुणीही क्रोन्स म्हणावं."

"खाडीच्या बांधातनं पानी झिरपतं तसा?" गोमाजीनं विचारलं.

"अगदी तसं. घशाच्या दुखण्यानंतर कधी कधी असं होतं. लहान मुलांना जास्त, पण मोठ्यांनाही होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं."

"आपोआप?" मनुबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बहुतेकांचं. कळीसाठी औषध देऊ. पण आधी दोन गोष्टी." त्यांनी शेजारच्या लॅबमध्ये मोरूचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी आहेत का, हे बघायचं होतं; त्या भरपूर निघाल्या. लघवीत मात्र किंचित रक्ताचा अंश होता. "मूत्रपिंडालाही थोडा धक्का लागलाय. याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. पण मला जे वाटतंय त्याला हे धरूनच आहे. एकट्या आतड्याचं दुखणं असतं तर हे सगळं एकदम कशाला आलं असतं?"

मग त्यांनी ठाण्याला बेहेऱ्यांना फोन लावला. लाइन लागेना, तिसऱ्या खेपेला लागली. इकडचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"नाही, नाही, तुमच्याकडे होता तेव्हा नव्हतेच ते... हो, क्रोन्समध्येही सांधे दुखतात, मान्य. पायावर गाठीही येतात. पण त्या खोल असतात, ठणकतात, आणि दोन-चार असतात. हे ठिपके आहेत, डॉक्टर. नडगीभर. ग्लास दाबून पाहिला... नाही, तुम्ही स्वतः बघा. माझ्या शब्दावर नका थांबू. उद्या पाठवतो."

फोन ठेवून ते जयाला म्हणाले, "चांगला माणूस आहे. वाद घातला, पण बघतो म्हणाला."

परतीच्या वाटेवर दामाजीनं शीळफाट्याला चहासाठी टेम्पो थांबवला. जया डोंबिवलीलाच राहायची, पण ती निघेचना. भावाला ठाण्याला सोडूनच येते म्हणाली. खरं कारण टपरीवर कळलं. कपबशी हातात घेतल्या घेतल्या ती आईवर तुटून पडली.

"त्याचे पाय बगितलेस तू, आनि लपवलेस? त्या बेहेऱ्यानं गुरुवारी पोट फाडला असता मग?"

"मला वाटला, लोक काय बोलतील..." एवढंच मनुबाई म्हणाली आणि बशीतला चहा तसाच धरून बसली.

"आयेला नको बोलू," मोरू म्हणाला. "मी पन बोल्लेलो, नको दाखवू. चूक दोघांची." आणि मग, कितीतरी दिवसांनी, तो हसला. "माझ्या ढुंगणावरचे डाग त्या डॉक्टरनं इचारलेले तेवा मला वाटला, हा जोतिषीच हाय."

दामाजीला ठसका लागला. जयानं राग टिकवायचा प्रयत्न केला, पण तिलाही हसू आवरेना. गोमाजी मात्र हसला नाही. तो टपरीवाल्याकडे गेला, सगळ्यांसाठी आणखी एकेक चहा सांगितला, आणि परत येऊन बायकोच्या शेजारी बाकावर बसला. तिच्या हातातली थंड झालेली बशी काढून घेतली आणि गरम कप दिला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण त्यानं तिला असा चहा कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेहेरे. मनुबाईला त्यांचीच जास्त धास्ती होती. एवढ्या मोठ्या डॉक्टरचं ठरलेलं ऑपरेशन, आणि आपण दुसरीकडे जाऊन आलो. हाकलून देतील असं तिला वाटत होतं. बेहेऱ्यांनी मोरूला पालथा झोपवला, उताणा केला, पाय उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. आतड्याचे फोटो पुन्हा लावले. मग खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मनुबाईनं गोमाजीचा दंड धरला.

"हे डाग पहिल्या दिवशी असते," बेहेरे वळून म्हणाले, "तर मी क्रोन्सचं नावही काढलं नसतं. पोट आधी दुखतं आणि डाग मागून येतात, असंही होतं याच्यात. पुस्तकात वाचलेलं आहे मी. पण घरी सोडताना, काही नवीन दिसलं तर मला दाखवा, एवढं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही."

"मग गुरुवारी...?" गोमाजीनं विचारलं.

"गुरुवारी मला सुट्टी." त्या तुटक बोलणाऱ्या माणसाच्या ओठांच्या कडेला हसू होतं. "मलाही नको असलेलं ऑपरेशन टळलं, की बरं वाटतं हो. तेविसाव्या वर्षी कुणाच्या पोटावर पिशवी लावायला हौस असते का कुणाला?"

सुरी लागली ती एवढीच: पायाची जागा बधिर करून बेहेऱ्यांनी एका ताज्या डागातला तांदळाएवढा तुकडा काढला, टाका घातला आणि तो तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. मोरूला पुन्हा पलंगावर घेतलं. टिपणिसांनी सुचवलेलं स्टेरॉइड सुरू झालं. अजून सगळं संपलेलं नाही, हे बेहेऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. सुजलेलं आतडं क्वचित एकात एक शिरून अडकतं. तसं झालं तर ऑपरेशन करावंच लागेल, म्हणून त्याला डोळ्यांसमोर ठेवायचं.

बुधवारी कळ कमी झाली. गुरुवारी पहाटे मोरू म्हणाला, "आये, भूक लागलीय." मनुबाई तिथून निघाली ती थेट पाट्या घेऊन बाजारात गेली. घरी बसून तिचा जीव हलका झाला नसता. लोकांत बसायचं होतं तिला. रंगूबाईनं तिचे डोळे पुसले, मग मनुबाईनं सगळं सांगितलं, डागांसकट. लपवायचं काही उरलं नव्हतं. रंगूबाईनं ऐकून घेतलं आणि उठून जाऊन आपल्या पाटीतली दोन मोठी पापलेटं तिच्या पाटीत टाकली. "पोराला करून घाल," म्हणाली.

"आता कुठं? आता निस्ती पेज."

"मग बापाला घाल. त्याचा तोंड तर बग कसा झालाय."

मुंबईचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, असंच त्यात होतं. दोन जर्मन डॉक्टरांच्या नावाचा आजार. मोरूनं ते नाव पाठ करून संघातल्या पोरांना ऐकवलं. कुणालाच ते परत म्हणता आलं नाही, याचा त्याला फार अभिमान वाटला. मध्ये एकदा डाग पुन्हा उठले, एक दिवस पोट दुखलं, आणि घरातले सगळे पुन्हा कावरेबावरे झाले. पण टिपणिसांनी तेही आधीच सांगून ठेवलं होतं: एक-दोनदा डोकावेल आणि जाईल. तसंच झालं. डिसेंबरात मोरू हिंडायला लागला. यंदाचा मोसम हुकला, त्यामुळे कायम करायचं पुढच्या वर्षावर गेलं. एरवी मोरूनं त्यावर आठवडाभर तोंड फुगवलं असतं. आता तो पोटावर हात फिरवून नुसतं "चालेल" म्हणाला.

लघवीची तपासणी मात्र टिपणिसांनी दर महिन्याला लावली होती. पुढे मोरूला त्याचा कंटाळा यायला लागला. मला आता काय होतंय, म्हणायचा. मनुबाई त्याला दंडाला धरून खोपटच्या डेपोवर न्यायची आणि एसटीत बसवायची. तिनं एकही महिना चुकू दिला नाही. रक्ताचा अंश कमी कमी होत गेला, मग दिसेनासा झाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी टिपणिसांनी कागद बाजूला ठेवून टाळी वाजवली.

"झालं! मूत्रपिंड ठणठणीत. यापुढे वर्षातून एकदा आलास तरी पुरे. खेळायला लाग."

मोरू उभा राहिला, वाकून त्यांच्या पाया पडला आणि दारापर्यंत पोचलाही. मनुबाई खुर्चीतून उठेना.

"चल ना, आये. झाला म्हनतात ना."

"तू हो पुढं," ती म्हणाली. मग पदर सारखा करून तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. "डाक्टर, एवढी आयलेच हाय, तं माजा पन एक गुडगा बगा. बसल्यावर उठवत नाय. आदीच दाखवते, बगा. मागनं नका बोलू, लपवला म्हनून."

टिपणिसांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढे झुकले.